पट्टेदार बोरू

जावाजावांचा उभा दावा असतो असं म्हणतात. या दोघींच्या बाबतीत ते खोटं ठरेल असं सगळ्यांना वाटायचं, आणि बरीच वर्षं ते खोटं ठरलंही.

दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, लोकांच्या बागांमध्ये तळी बांधून द्यायचे. थोरला खड्डा खणायचा, तळाला प्लास्टिकचा जाड काळा कागद अंथरायचा, काठाला दगड बसवायचा. धाकटा पंप, नळ्या आणि कारंजी बघायचा. तळ्यात आणि काठावर लावायची झाडं मात्र घरामागच्या लांबट जागेत तयार व्हायची. तिथे सिमेंटचे उथळ हौद होते, त्यांच्या कडेनं टबांच्या रांगा होत्या, आणि पाय ठेवावा तिथे चिखल होता. हे राज्य जावांचं. थोरली झाडं वाढवायची आणि धाकटी ती विकायची.

थोरलीला माणसांशी बोलायचा कंटाळा होता. गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की ती गमबूट घालून हौदात उतरायची आणि पाठ करून उभी राहायची. धाकटी दगडालाही बोलतं करील अशी. कमळ घ्यायला आलेला माणूस तिच्याकडून कमळ, लव्हाळा आणि वर मासे घेऊन जायचा. थोरला तिला हसत म्हणायचा, "तुझी नुसती तोंडपाटीलकी. हात सगळे हिचे." धाकटीही हसायची. हसण्यावारी नेलेलं बोलणं कुठे जाऊन बसतं, ते तेव्हा कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळी काम आटोपलं की दोघी हौदाच्या कट्ट्यावर पाय सोडून बसायच्या. धाकटी दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. थोरली, जी घरात फारशी हसायची नाही, ती इथे पोट धरून हसायची.

त्या जागेत साधा बोरू पुष्कळ होता. बोरू म्हणजे पूर्वी ज्याची लेखणी करायचे तेच पोकळ दांड्याचं, उंच, पाण्यातलं गवत. वाऱ्यानं सळसळतं, उन्हाळा संपता संपता त्याला जांभळट तुरे येतात, तळ्याच्या काठाला ते शोभतं. पण जात आडदांड. त्याची मुळं जमिनीखालून धावतात आणि टोकं भाल्यासारखी असतात, म्हणून ते नेहमी बिनभोकाच्या टबात लावायचं आणि टबासकट तळ्यात ठेवायचं. मोकळं सोडलं तर तळं त्याचं होतं, मालकाचं राहत नाही.

एका वर्षी त्या बोरूच्या एका टबात थोरलीला एक वेगळा कोंब दिसला. इतरांसारखाच बारीक, पण पानावर उभी साईच्या रंगाची रेघ. तिनं आधी रोग समजून कात्री उचलली. मग थांबली. अंगावरच्या कामाच्या कपड्याचा खिसा फाटला होता, त्याचीच चिंधी काढून तिनं त्या कोंबाला खूण बांधली. पानं वाळल्यावर चिखलात हात घालून तिनं तेवढ्याच कोंबाचा गड्डा अलगद सोडवला आणि वेगळ्या टबात लावला.

पुढच्या वर्षी त्यातून आलेल्या कोंबांपैकी निम्मे पट्टेदार निघाले, निम्मे साधे हिरवे. हिरवा कोंब जोमाचा असतो, त्याला मोकळीक दिली की तो पट्टेदाराला दाबून टाकतो. थोरली रोज सकाळी टबापाशी उकिडवी बसायची आणि हिरवा कोंब दिसला की मुळापासून काढायची. थोरल्यानं त्या हिरव्या कोंबांचं नाव ठेवलं होतं फितूर. "आज किती फितूर पकडले?" असं तो जेवताना विचारायचा. ती बोटं दाखवायची.

असं करता करता कित्येक वर्षं गेली. बोरू कमरेइतकाच राहू लागला, पट्टे पावसाळा ओलांडून टिकू लागले. ऊन तिरपं आलं की सगळा टब आतून दिवा लावल्यासारखा दिसायचा. धाकटी त्याच्यासमोर उभी राहून म्हणायची, "ताई, हे तू केलंस. मला तर एक काडी लावायची म्हटली तरी ती मरते." थोरलीनं तिला सगळं शिकवलं होतं. थंडी सरताना चिखलातून कोंबाचा डोळा वर येतो. तो गुलाबीसर आणि अंगावर फिकट रेघ असलेला असला तर पट्टेदार, नुसता हिरवा असला तर फितूर. पान फुटायच्या आधीच ते कळतं. धाकटीला ते चांगलं ओळखता यायला लागलं होतं.

मग शहरातल्या मोठ्या बागेत झाडांचं प्रदर्शन भरलं, आणि भावांनी तिथे एक लहानसं तळं मांडलं. पट्टेदार बोरू पहिल्यांदाच घराबाहेर गेला. धाकटी नेहमीप्रमाणे पुढे उभी होती. थोरली मागच्या बाजूला टबांमध्ये झारीनं पाणी घालत होती. तिच्या आणि लोकांच्या मध्ये बोरूची दाट रांग होती.

परीक्षक आले. वाकलेले, जाड भिंगांचा चष्मा लावलेले गृहस्थ होते. त्यांनी एक पान बोटांत धरून बराच वेळ पाहिलं.

"हा कोणी तयार केला?" त्यांनी विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली.

थोरलीनं झारी सरळ केली. तिला वाटलं, आता पुढचं वाक्य येईल. पुढची वाक्यं आली, पण ती वेगळीच होती. एकदा टबात वेगळा कोंब दिसला, आधी रोगच वाटला, कात्री उचलली होती, मग हातातल्या रुमालाची चिंधी फाडून खूण बांधली, रोज सकाळी हिरवे कोंब काढायला बसायचे. सगळं खरं होतं. फक्त खिशाचा रुमाल झाला होता आणि थोरलीची धाकटी. परीक्षक मान डोलावत होते. भोवती माणसं जमली. धाकटी इतकं छान सांगत होती की ऐकणाऱ्याला तो टब डोळ्यांसमोर दिसावा. थोरलीला इतकं छान सांगताच आलं नसतं.

बक्षीस मिळालं, एक पितळी फूल. घरी आल्यावर धाकटीनं ते फूल कपाटावर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, मी आम्ही म्हणणार होते. तोंडातून मी गेलं, आणि मग ते विचारतच सुटले."

"असू दे," थोरली म्हणाली.

तिनं नवऱ्याकडे एकदा विषय काढला. तो फावड्याला नवा दांडा बसवत होता. "घरातलंच आहे, घरातच राहिलं," तो म्हणाला. "कुणी मी म्हटलं काय आणि आम्ही म्हटलं काय. तू थोरली आहेस, तू एवढ्यातेवढ्यावरून मन लहान करू नकोस." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आपले दात आपलेच ओठ या म्हणीत ओठ नेहमी कुणाचे असतात, ते त्या दिवशी थोरलीला कळलं.

त्यानंतर गिऱ्हाइकं फाटकातून आत येऊन विचारू लागली, "तो धाकट्या बाईंचा बोरू आहे का?" धाकटी पहिल्यांदा जरा अडखळायची. पुढे अडखळेनाशी झाली. थोरली हौदात पाठ करून उभी असायची. तिच्या न बोलण्याची सगळ्यांना इतकी सवय होती की ती आता खरंच बोलत नाहीये, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी कट्ट्यावर बसणं बंद झालं. दिवसभर पाण्याशी काम करणाऱ्या त्या दोघी एकमेकींना पाण्यात पाहू लागल्या.

असं वर्ष गेलं आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचं काम आलं. इमारतीच्या मधल्या चौकात लांबट तळं बांधायचं होतं. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी प्रदर्शनात तो बोरू पाहिला होता. वरच्या वॉर्डांच्या खिडक्या त्या चौकावर उघडत. पडून असलेल्या रोग्यांना खाली काहीतरी उजळ, हलतं दिसावं, अशी त्यांची इच्छा होती. "मला तोच हवा," त्या धाकटीला म्हणाल्या, "तुमचा."

भावांनी जीव ओतून तळं बांधलं. टब भरायचं काम थोरलीचं होतं. थंडी सरत आली होती, जुन्या दांड्या कापून झाल्या होत्या, आणि टबांत चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. शेडच्या मागे फितुरांचा ढीग असायचा. काढलेले हिरवे गड्डे ती तिथे टाकायची आणि त्यातले चिवट तिथेही जगायचे. थोरली पाय ओढत तिथे गेली नाही. ती सरळ चालत गेली. गड्डे उचलले, कापले, एकेका टबात नीट बसवले, वर चिखल दाबला. हात नेहमीसारखेच चालत होते. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते करताना तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.

सकाळी टेंपो लागला. धाकटी वर उभी राहिली आणि थोरली खालून टब देऊ लागली. दोनचार टबांतला चिखल धाकटीनं अंगठ्यानं जरा बाजूला सारला. मग तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरली पुढचा टब उचलायला वाकली होती. धाकटीनं अंगठा मांडीला पुसला.

"दे पुढचा," ती म्हणाली.

बोरू वाढला. कोंब हिरवे आले, पानंही हिरवी आली. मेट्रनबाईंनी विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, "जरा ऊन लागू द्या, पट्टे उमटतील." थोरला घरी येऊन बायकोला म्हणाला, "एका पानावर रेघ नाही. असं कसं झालं?"

"नवी जागा आहे. होतं असं," थोरली म्हणाली.

एका हंगामात तो डोक्याच्या वर गेला. दुसऱ्या हंगामात वरच्या वॉर्डांच्या खिडक्यांपर्यंत पोचला. पट्टेदार बोरू नाजूक असतो म्हणून थोरल्यानं साधेच पातळ टब वापरले होते, आणि त्या आडदांड मुळांनी ते आतून फोडले. खिडक्यांत अंधार झाला. रोगी तक्रार करू लागले की सारखं कुणीतरी कुजबुजत असल्यासारखं वाटतं, झोप लागत नाही. मग मुळांच्या टोकांनी तळाचा कागदही भोसकला. पाणी झिरपत चौकाखालच्या तळघरातल्या धुण्याच्या खोलीत गेलं आणि रोग्यांच्या चादरींवर चिखलाचे डाग पडले. मेट्रनबाईंनी दोघा भावांना बोलावलं. त्या ओरडल्या वगैरे नाहीत. "हे सगळं काढून न्या," एवढंच म्हणाल्या, "आणि पुन्हा येऊ नका." त्यांच्या मागे त्यांच्या वरच्यांनी काय म्हटलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तळं उपसलं. थोरला आत उतरून मुळं ओढू लागला. एक मुळी अचानक सुटली, ओल्या कागदावरून त्याचा पाय सरकला आणि गुडघा दगडी काठावर आपटला. गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले. त्याला वर न्यायला स्ट्रेचर लागलं. ज्या चौकासाठी तो राबला होता, त्यावर उघडणाऱ्या वॉर्डातच त्याला खाट मिळाली.

तिथे, जेवणाचा डबा घेऊन थोरली खाटेशी उभी असताना आणि धाकटी दाराशी उभी असताना, भाऊ भांडले.

"तुझ्या बायकोनं लोकांसमोर शहाणपण मिरवलं," थोरला म्हणाला. "आणि वेळ आली तेव्हा टब कुठले उचलायचे तेही तिला कळलं नाही. शेडमागचा कचरा भरून आणला."

"टब वहिनीनं भरले होते, दादा."

"तिच्या हातून असं होणार नाही. ती डोळे मिटून ओळखते. भरताना बरोबर भरले असणार, नेताना हिनं गोंधळ केला. नुसतं तोंड चालवणाऱ्या बाईवर काम सोपवलं, चूक माझीच आहे."

धाकट्यानं आधी आपल्या बायकोकडे पाहिलं, मग थोरलीकडे. थोरलीच्या हातात डब्याची कडी होती. धाकटी काही बोलेल म्हणून ती थांबली. दाराशी उभी असलेली धाकटी तिच्याकडे पाहत थांबली होती. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पाणी मागू लागला, आणि थोरलीनं डबा खाली ठेवून त्याला पाणी दिलं.

तोपर्यंत शहरातल्या सगळ्या माळ्यांना आणि बांधकामवाल्यांना बातमी गेली होती. नवं काम येईना. धाकट्यानं वेगळं व्हायचं ठरवलं. दुसऱ्या शहरात त्याचा एक ओळखीचा पंपांचं दुकान चालवत होता, तिथे जायचं ठरलं. थोरल्यानं अडवलं नाही. अडवायला तो उठूही शकत नव्हता.

निघायच्या दिवशी सामान टेंपोत चढत होतं. धाकटी मागच्या जागेत आली. थोरली हौदातलं शेवाळ काढत होती. नेहमीसारखी पाठ करून.

"ताई, मी निघतेय."

"बरं."

"एक सांगायचं होतं." धाकटी कट्ट्याशी उभी राहिली, बसली नाही. "त्या दिवशी टेंपोत मला कळलं होतं. कोंबांचे डोळे हिरवे होते. सगळे नाही बघितले, पण दोनचार टबांत बघितले."

थोरली वळली. शेवाळाची जाळी तिच्या हातातून पाण्यात गेली.

"मग लावलेस कशाला?"

"मला वाटलं, तू थांबवशील. शेवटचा टब देताना तरी म्हणशील, राहू दे, उतरव सगळे. मी मुद्दाम हळूहळू घेत होते. मग वाटलं, तिथे येशील आणि म्हणशील. तू आलीच नाहीस."

"मी म्हणायचं?"

"मग कोणी? मी कुठल्या तोंडानं विचारणार होते, ताई? हे असे टब का दिलेस असं तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुझाच बोरू ना, तुला ओळखता येत नाही?"

थोरली तेच म्हणाली असती. ते तिलाही माहीत होतं.

"मला वाटलं, तू विचारशील," ती म्हणाली. "विचारलं असतंस तर मी उतरवले असते."

"उतरवले असतेस?"

थोरलीनं पाण्यात पडलेली जाळी वर काढली. "माहीत नाही," ती म्हणाली.

धाकटीनं मान हलवली. "माझं त्या घरात काहीच नव्हतं, ताई. दादा रोज म्हणायचे, हात हिचे, तोंड तुझं. त्या माणसानं विचारलं आणि वाटलं, एकदा, एवढं एकदा. तू मला तिथेच, सगळ्यांसमोर खोटी पाडली असतीस ना, तर मी रडले असते आणि विषय संपला असता."

"मला असं चार माणसांत बोलता येत नाही. तुला माहीत होतं."

"हो," धाकटी म्हणाली. "माहीत होतं म्हणूनच बोलले."

टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. धाकटीनं पुढे होऊन पाया पडायला वाकल्यासारखं केलं, मग तशीच सरळ झाली आणि गेली. हॉस्पिटलात दादांना खरं काय ते का सांगितलं नाहीस, हे थोरलीला तिला विचारायचं होतं. तेही राहून गेलं.

त्या काळात थोरलीचे दिवस हॉस्पिटल आणि घर यांतच गेले होते. नवऱ्याला उठवणं, बसवणं, चालवणं. मागच्या जागेत ती नावापुरती जायची. पावसाळा उतरल्यावर एका सकाळी ती पट्टेदाराच्या टबांपाशी उकिडवी बसली आणि तिला सगळं हिरवं दिसलं. तिनं एकेक टब चाळला. एका टबात खोल आत, दाट हिरव्या दांड्यांच्या मधोमध, फिकट रेघेचं एक पान होतं. दांडी कुजली होती. तिनं हात घालून गड्डा चाचपला, तो पिलपिलीत लागला. काही वाटेल म्हणून ती तशीच बसून राहिली. मग पाय दुखायला लागले म्हणून उठली.

धाकटीनं नेलेल्या सामानात पट्टेदाराचे दोन टब होते, असं तिला नंतर आठवलं. ती तिला फोन करू शकली असती. फोनच्या नंबराचा कागद भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला होता.

आता ती साधा बोरूच वाढवते. कारखान्यांचं, मोठ्या वसाहतींचं घाण पाणी शुद्ध करायला लोक त्याचे वाफे करतात. घाणीत तो चांगला फोफावतो, आणि तिथे त्याला शोभेची कुणी अपेक्षा करत नाही. मालवाहू गाड्या येतात, गठ्ठेच्या गठ्ठे भरून नेतात. कुणाशी बोलायला लागत नाही. कधी एखादं जुनं गिऱ्हाईक पट्टेदाराबद्दल विचारतं. ती म्हणते, राहिला नाही.

थोरला खिडकीशी खुर्ची टाकून बसतो. गुडघा वाकत नाही, थंडीत ठणकतो. संध्याकाळी ती त्याचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळते, आणि तो रोजचं सुरू करतो. धाकटीनं घर फोडलं. धाकटीला कामाची अक्कल नव्हती. एवढ्या वर्षांची मेहनत तिनं चिखलात घातली, भाऊ तोडला, पाय तोडला. ती चोळत राहते. मध्येच हं म्हणते.

काल तो बोलता बोलता थांबला. म्हणाला, "मी इतकं बोलतो, पण तू कधी तिच्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाहीस. तुझं मन मोठं आहे."

"पाय सरळ करा," ती म्हणाली.